दोन सेकंदांची झोप

अंगाईवाल्यांचा धंदा तसा निरुपद्रवी होता. ते यंत्रांना झोपवत.

त्यांना अंगाईवाले हे नाव कचेरीतल्या लोकांनी दिलं होतं, आणि ते इतकं चिकटलं की पगारपत्रकावरचं नाव बघून ते स्वतःच क्षणभर हा कोण म्हणून विचारात पडत. संगणकाच्या पोटात सगळ्यात तळाशी एक कारभारी प्रोग्रॅम असतो, त्याला कर्नल म्हणतात. पडद्यावर जी काही रंगीबेरंगी मजा चालते ती वरच्या मजल्यांवर; हा बिचारा तळघरात बसून कोणाला वीज द्यायची, कोणाची काढून घ्यायची, हे बघत असतो. कॅमेरा, माइक, स्पीकर, ज्याला काम नाही त्याला झोपवायचं, आणि काम आलं की हलवून उठवायचं. अख्खा संगणक बंद न करता, चालू कामात, एकेकाला. या झोपवण्या-उठवण्याचा कोड अंगाईवाले गेली अकरा वर्षं लिहीत होते.

या अकरा वर्षांत त्यांच्या नावावर एकच कीर्ती जमा होती. दोन वर्षांपूर्वी त्यांनी एका ध्वनीच्या चिपसाठी लिहिलेला पॅच, म्हणजे कर्नलला लावायचं छोटंसं ठिगळ, जगभरच्या मुख्य कर्नलमध्ये घेतला गेला होता. चिपला दोन सेकंद काम नसेल तर ती झोपेल, असं त्यात होतं. दोनच का, दीड का नाही, यावर परदेशातल्या अनोळखी लोकांशी ते सात आठवडे भांडले होते आणि जिंकले होते. लग्नात ते इतके उजळले नव्हते, असं त्यांच्या बायकोचं मत होतं. पण ती हवामान खात्यात निरीक्षक होती, आणि निरीक्षकाचं मत म्हणजे नोंद.

त्याच बायकोची बढती झाली आणि बदली झाली. बढतीची ती नऊ वर्षं वाट बघत होती. बदली होती एका डोंगरावरच्या वेधशाळेत, दीड वर्षासाठी. दर तीन तासांनी यंत्रं वाचायची, आकडे कळवायचे. तिने हुकूम वाचून दाखवला तेव्हा अंगाईवाले म्हणाले, "छान झालं." मग दिवसभर ते घरातले सगळे दिवे लावत आणि मालवत हिंडत होते.

डोंगरावर फोन नीट लागत नाही असं कळलं. तारेवरून येणारं इंटरनेट मात्र होतं, पण इतकं बारीक की चित्र जाणार नाही, फक्त आवाज. मेहुणा, म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ, फोनच्या दुकानात होता. त्याने चार तयार उपाय सुचवले, आणि प्रत्येक उपायासोबत एक फोन. अंगाईवाल्यांनी ते तुच्छतेने नाकारले. ज्याने ध्वनीची चिप झोपवली त्याने बायकोशी बोलायला दुकानातली वस्तू आणायची? त्यांनी दोन आठवडे खपून स्वतःच्या हाताने दोन जुळ्या पेट्या बनवल्या. आत कचेरीतून रीतसर मागून आणलेले जुने बोर्ड, एक स्पीकर, एक माइक, आणि अर्थातच तीच चिप. एक पेटी बायकोच्या ट्रंकेत गेली, दुसरी स्वयंपाकघरात ओट्यावरच्या फळीवर बसली. बायको ज्या कोपऱ्यात उभी राहून बोलायची, बरोबर त्या उंचीवर. हे त्यांनी कोणाला सांगितलं नाही. फळी तिथेच होती असं म्हणाले.

पहिल्या संध्याकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी, तिचं सहाचं वाचन झाल्यावर, पेटीतून आवाज आला.

"...हो, पोचले मी. थंडी आहे."

आवाज इतका स्वच्छ होता की अंगाईवाले ओट्याकडे वळलेच. मग त्यांच्या लक्षात आलं की 'अहो'तला 'अ' आलाच नाही. दुसऱ्या वाक्याला 'हो'ही आलं नाही. दोघंही मुळात कमी बोलणारी. वीस वर्षांच्या संसारात त्यांची निम्मी बोलणी गप्प बसूनच झालेली होती. एक बोलायचा, मग दोघं आपापलं काम करायची, मग दुसरा बोलायचा. मधल्या वेळात दोन सेकंद सहज जात. दोन सेकंद गेले की चिप झोपायची. पलीकडून आवाज आला की कर्नल तिला उठवायचा, पण ती डोळे चोळेपर्यंत पहिला शब्द गेलेला असायचा. आणि नवराबायकोच्या बोलण्यात पहिला शब्द कुठला असतो? इकडून 'अगं', तिकडून 'अहो'. महिनाभरात दोघं एकमेकांशी दोन खात्यांतल्या कारकुनांसारखी बोलायला लागली. हाक गेली, फक्त मजकूर उरला.

अंगाईवाल्यांना पहिल्या संध्याकाळीच कळलं होतं की हे कोणाचं काम आहे. पण कळणं वेगळं आणि कबूल करणं वेगळं. बायकोला त्यांनी तारेत दोष असल्याचं सांगितलं.

बातमी जिन्यातून पसरली. समोरच्या दारात वीजखात्यातून मुख्य अभियंता म्हणून निवृत्त झालेले गृहस्थ राहत. सगळे त्यांना साहेबच म्हणत. नोकरीत त्यांनी शहराला वीज पुरवली आणि निवृत्तीनंतर ती बंद करायला घेतली होती. जिन्यातला दिवा कोणी दोन पायऱ्या उतरायच्या आत ते मालवत, आणि मग खालून आपटल्याचा आवाज आला की विचारत, लागलं का. चिप दोन सेकंदांत झोपते हे ऐकून त्यांना इतका आनंद झाला की त्यांनी अंगाईवाल्यांचा हात हातात घेऊन हलवला. दोन सेकंदसुद्धा जास्त आहेत, एकावर आणता येईल का बघा, असं त्यांचं म्हणणं पडलं. एखादा शब्द गेला तर काय झालं, बायकांच्या बोलण्यात शब्द भरपूर असतात, अशीही त्यांनी पुस्ती जोडली. साहेबांची पत्नी जाऊन सहा वर्षं झाली होती. तेव्हा हा हिशेब त्यांनी कशावरून केला हे विचारायचा धीर कोणाला झाला नाही.

तळमजल्यावरच्या काकूंचा उपाय जास्त व्यवहारी होता. पहिला शब्द खाल्ला जातो ना, मग आधी एक फालतू शब्द टाकायचा आणि मग खरं बोलायचं. उपाय तर्कशुद्ध होता, म्हणून अंगाईवाल्यांनी तो अमलात आणला. पण माणसाला फालतू शब्द असा ठरवून सुचत नाही. ते प्रत्येक वाक्याआधी "चाचणी" म्हणू लागले. बायको तिकडून "आर्द्रता" म्हणायची, कारण तोंडात तोच शब्द असायचा. "चाचणी, जेवलीस का?" "आर्द्रता, जेवले." चार दिवसांनी त्यांना वाटायला लागलं की आपण कोणत्यातरी परीक्षेला बसलो आहोत आणि नापास होत आहोत. तो उपाय त्यांनी आपण होऊन बंद केला. काकूंना वाटलं बोलणंच बंद झालं, म्हणून त्या दोनदा समजूत घालायला वर आल्या.

खरं तर त्या पेटीवर चिपची झोप बंद करणं एका ओळीचं काम होतं. एका फाइलीत 'आपोआप' असं लिहिलेलं असतं, तिथे 'चालू' लिहायचं, झालं. पण ज्या गोष्टीसाठी सात आठवडे जगाशी भांडलो ती स्वतःच्या स्वयंपाकघरात बंद करायची, हे मनाला पटेना. एका रविवारी दुपारी, घरात कोणी नसताना (घरात कोणी नव्हतंच, तरी त्यांनी दार लावून घेतलं), त्यांनी ती ओळ बदलली. त्या संध्याकाळी 'अहो' पूर्ण आलं. अंगाईवाल्यांनी ते तीनदा येऊ दिलं, म्हणजे तीनदा मुद्दाम गप्प बसले. मग मंगळवारी पेटी तापली. तिला हवा जायला भोकंच ठेवलेली नव्हती, कारण झोपणाऱ्या यंत्राला वाऱ्याची गरज काय. आतला गोंद पातळ झाला आणि बायको वाऱ्याची दिशा सांगत असताना स्पीकर सुटून खाली भांडी भिजवलेल्या पातेल्यात पडला. पाण्याखालून ती अजून अर्धं मिनिट बोलत होती. अंगाईवाल्यांनी तो बाहेर काढला, पुसला, चिकटवला, आणि पुन्हा 'आपोआप' लिहिलं.

यानंतर एका गुरुवारी ती संध्याकाळ आली. त्या दिवशी बायको फार थकलेली वाटत होती. चार दिवस डोंगरावर नुसतं धुकं होतं. अंगाईवाल्यांनी पाण्याची टाकी धुतल्याचं सांगितलं, तिने बरं म्हटलं. मग दोघं गप्प झाली. ही शांतता नेहमीपेक्षा लांबली. अंगाईवाले कांदा चिरत होते. तो संपला, दुसरा घेतला, तोही संपत आला. त्यांना ही शांतता आवडायची. डोळे मिटले की ती ओट्यापाशी उभी आहे असं वाटायचं. तेवढ्यात पेटीतून आवाज आला.

"...येऊ का?"

निघताना म्हणतात तसं. म्हणजे आता पेटी बंद करते. अजून वीस मिनिटंही झाली नव्हती. त्यांनी सुरी खाली ठेवली आणि त्यांच्या मानाने फारच मोकळेपणाने म्हणाले, "थांब की अजून. इतकी घाई कसली?"

पलीकडून काही क्षण काहीच आलं नाही. मग ती म्हणाली, "...रं." 'बरं' असणार. आणि पेटी बंद झाली. थांब म्हटलं तर गेली, म्हणून अंगाईवाले उरलेला कांदा तसाच ठेवून खिडकीशी जाऊन उभे राहिले.

पुढच्या आठवड्यात तिने सांगितलं की तिने मुदत वाढवून मागितली होती आणि मंजूरही झाली. आणखी एक वर्ष. आवाजात काहीच नव्हतं, तापमान सांगावं तसं सांगितलं. अंगाईवाल्यांच्या तोंडून निघालं, "छान झालं." हे दोन शब्द त्यांच्या तोंडात कोणी बसवून ठेवले होते देव जाणे, नको तिथे तेच निघायचे. त्या दिवसापासून त्यांना घर मोठं वाटायला लागलं. दोन खोल्यांचं घर, पण एका खोलीतून दुसरीत जायला वेळ लागायचा. बायकोची वहाण दाराशी होती ती त्यांनी कपाटात ठेवली, मग पुन्हा दाराशी आणून ठेवली.

दुखावलेला माणूस एक तर भांडतो नाही तर कामाला लागतो. अंगाईवाले कामाला लागले. त्यांनी ठरवलं की चिपच्या झोपेचा खरा छडा लावायचा. कारण एक गोष्ट त्यांना आधीपासून खटकत होती. कर्नलमध्ये असा नियम आहे की ज्याला एखादा भाग जागा हवा असेल त्याने सांगायचं, 'मी धरलाय'. काम झालं की सांगायचं, 'सोडला'. किती जणांनी धरलंय त्याची कर्नल मोजणी ठेवतो, आणि ती शून्यावर येईपर्यंत त्या भागाला झोपवत नाही. त्यांच्या पेटीतला बोलण्याचा प्रोग्रॅम संभाषण सुरू होताच चिप धरत होता. दोन सेकंदांचा नियम कोणी न धरलेल्या चिपसाठीच होता, मग धरलेली चिप झोपत कशी होती? कोणीतरी एकदा धरून दोनदा सोडत होतं.

त्यांनी आधी चिप बनवणाऱ्यांवर संशय घेतला आणि त्यांना एक खरमरीत पत्र पाठवलं. त्यांचं उत्तर फार नम्र आलं. मग त्यांनी बोर्डवर संशय घेतला. मग तारेवर. तिसऱ्या आठवड्यात, कचेरीत दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत, सगळे उठून गेल्यावर, ती ओळ सापडली. आवाज मध्येच थांबला की काय करायचं या भागात एक 'सोडला' जास्तीचा लिहिलेला होता. तो कोणी लिहिला हे बघायची सोय असते. त्यांनी बघितलं. स्वतःचं नाव वाचून त्यांनी ती खिडकी मिटली आणि उरलेला डबा तसाच बंद केला. ज्या पॅचवर ते उजळले होते त्याच पॅचची एकशे बारावी ओळ.

ओळ काढून टाकण्याआधी त्यांनी घरी एक प्रयोग केला. स्वतःच्या आवाजात एक ते दहा आकडे भरून घेतले आणि वेगवेगळ्या लांबीच्या शांततेनंतर वाजवून बघितले. पाच सेकंदांच्या शांततेनंतर पेटीने 'दोन'पासून सुरुवात केली. हे अपेक्षित होतं. तीन मिनिटांच्या शांततेनंतर तिने 'चार'पासून सुरुवात केली.

अंगाईवाले स्टुलावर बसले. मग आठवलं. चिप ज्या भागावर बसते त्याला तिचा पालक म्हणतात. हा शब्द त्यांचा नव्हे, कर्नलमध्ये खरंच पालक आणि मूल असंच म्हणतात. मूल जागं असेल तर पालकाला झोपता येत नाही, आणि उठताना आधी पालकाने उठायचं, मग मुलाला उठवायचं. ज्याने हा नियम लिहिला त्याच्या घरी तान्हं मूल असणार. पालक कायम जागाच असतो असं अंगाईवाल्यांनी धरून चाललं होतं. पण शांतता लांबली की मुलापाठोपाठ तोही झोपत होता, आणि त्याला उठायला वेळ लागत होता. म्हणजे जितका वेळ माणसं गप्प राहतील, तितके जास्त शब्द जात होते. आणि माणसं सगळ्यात जास्त वेळ गप्प कशाआधी राहतात, हे कळायला अभियंता असावं लागत नाही.

त्या संध्याकाळी त्यांनी बायकोला विचारलं, की त्या धुक्याच्या गुरुवारी, निघताना, ती नेमकं काय म्हणाली होती.

"...कशाला आता?" ती म्हणाली.

"मला पूर्ण ऐकू आलं नव्हतं. मला फक्त 'येऊ का' ऐकू आलं."

पलीकडे कागद उलटल्यासारखा आवाज झाला. तिची स्वतःची एक वही होती, त्यात ती सगळंच लिहायची, सवयच तशी. मग ती सावकाश, एकेक शब्द सुटा करून म्हणाली, "मी म्हणाले होते, अहो, परत येऊ का? आणि तुम्ही म्हणालात, थांब की अजून, इतकी घाई कसली."

अंगाईवाल्यांनी हातातलं फडकं घडी करून ओट्यावर ठेवलं. त्यांना बोलायचं होतं, पण ते बोलेपर्यंत दोन्हीकडच्या चिपा झोपल्या, त्यांचे पालकही झोपले असावेत, आणि त्यांनी जे सांगितलं त्यातलं पलीकडे किती पोचलं हे कळायला मार्ग नव्हता. तिने फक्त उद्या बोलू म्हटलं.

आता तो पॅच दुरुस्त करणं हा घरगुती प्रश्न राहिला नाही. तो मुख्य कर्नलमध्येच सुधारायला हवा होता, कारण जगात ही चिप ज्या कोणाच्या घरी असेल त्या घरी ही ओळ होती. पण कचेरीतून बाहेर कोड पाठवायला परवानगीचा अर्ज लागतो. अर्जात एक रकाना होता, 'मूळ दोष कोणाचा'. अंगाईवाल्यांनी तिथे स्वतःचं नाव लिहिलं. वरिष्ठांनी बोलावून घेतलं. तो जुना पॅच संस्थेच्या वार्षिक अहवालात मानाने छापलेला होता, तेव्हा 'दोष' हा शब्द बरा दिसत नाही, 'पुढील सुधारणा' म्हणावं, असं त्यांनी सुचवलं. तिथून अर्ज कायदा विभागात गेला. कायदा विभागाने विचारलं की चाचणीत संस्थेबाहेरच्या कोणाचा सहभाग होता का. अंगाईवाले खरं बोलणारे. त्यांनी बायकोचं सांगितलं. मग तिच्यासाठी 'बाह्य चाचणीकर्ती' असा दोन पानी फॉर्म निघाला, त्यावर तिची सही हवी, आणि प्रत चालणार नाही, मूळ कागद हवा. फॉर्म टपालाने डोंगरावर गेला आणि अकरा दिवसांनी परत आला. 'संस्थेशी संबंध' या रकान्यात तिने लिहिलं होतं: नाही. 'चाचणीचा कालावधी' यात: सात महिने, चालू. 'आढळलेले निष्कर्ष' यात एकच ओळ होती, की पहिले शब्द पोचत नाहीत. अंगाईवाल्यांनी त्या फॉर्मची एक प्रत स्वतःकडे ठेवली. तिचं अक्षर फार दिवसांत बघितलं नव्हतं.

शेवटी पॅच गेला. जुना दोष सुधारताना तो कोणत्या जुन्या पॅचमुळे आला ते लिहायचा नियम आहे. त्यामुळे त्यांचं नाव त्यात दोनदा होतं, एकदा गुन्हेगार म्हणून, एकदा डॉक्टर म्हणून. त्या विभागाचा मेंटेनर, म्हणजे काय घ्यायचं आणि काय नाकारायचं हे ठरवणारा माणूस, कुठल्यातरी थंड देशात राहत होता आणि एका ओळीत उत्तर देण्याबद्दल त्याची ख्याती होती. त्याने कळवलं, वापरणाऱ्याला याचा काय त्रास होतो ते लिहा. अंगाईवाल्यांनी लिहिलं, की दीर्घ शांततेनंतर ध्वनीचा सुरुवातीचा भाग गाळला जातो. उत्तर आलं, की त्याने कोणाला काय फरक पडतो?

अंगाईवाल्यांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. हे पत्रव्यवहार हजारो लोक वाचतात, आणि ते पुसताही येत नाहीत. त्यांनी दोन तांत्रिक परिच्छेद लिहिले, त्यात तीन तक्ते घातले, मग ते सगळं खोडलं. रविवारची दुपार होती. साहेब जिन्यात कोणालातरी विजेवर व्याख्यान देत होते. अंगाईवाल्यांनी लिहिलं: 'माझी पत्नी दूर नोकरीला आहे. तिने मला विचारलं की परत येऊ का. मला पहिले शब्द ऐकू आले नाहीत, म्हणून मी तिला थांब म्हणालो. ती आता आणखी एक वर्ष थांबणार आहे.' आणि विचार बदलायच्या आत पाठवून दिलं.

सोमवारी सकाळी कचेरीत उत्तर वाट बघत होतं. नेहमीची एक ओळ: 'घेतला. जुन्या आवृत्त्यांमध्येही घालतो.' पण या खेपेला खाली आणखी एक ओळ होती. 'तुम्ही अजून तिथे काय करताय?'

अंगाईवाल्यांनी ती दोनदा वाचली. सात महिन्यांत त्यांनी पेट्या बनवल्या होत्या, स्पीकर पातेल्यातून काढला होता, तीन आठवडे कोड धुंडाळला होता, दोन पानी फॉर्म भरून घेतला होता. आपण सरळ गाडीत बसून डोंगरावर जावं, हे त्यांना एकदाही सुचलं नव्हतं. ते वरिष्ठांकडे गेले आणि चार दिवसांची रजा मागितली. कारण विचारलं तेव्हा म्हणाले, चाचणी.

वेधशाळेपाशी ते पोचले तेव्हा तीनला दहा मिनिटं होती. कुंपणाच्या आत पांढऱ्या झडपांची लाकडी पेटी होती आणि तिच्यापाशी, जाड कोट घातलेली, हातात वही घेतलेली, त्यांची बायको उभी होती. तिने त्यांना बघितलं. वही खाली गेली, पुन्हा वर आली.

"तीनचं वाचन आहे," ती म्हणाली. "दहा मिनिटं थांबाल?"

अंगाईवाले कुंपणाला हात लावून थांबले. तिने तापमान लिहिलं, मग वाकून दुसरं काहीतरी बघितलं, ढगांकडे मान वर करून बराच वेळ बघितलं, आणि ते सगळं इतक्या मन लावून की अंगाईवाल्यांना ती एकाच वेळी फार जवळची आणि अगदी अनोळखी वाटली. घरात तिला असं कधी बघितलंच नव्हतं. घरात ती घड्याळाकडे बघायची.

नंतर आत चहा झाला. अंगाईवाल्यांनी सगळं सांगितलं. एकशे बारावी ओळ, पालक, मूल, थंड देशातला माणूस. ती ऐकत होती. मग म्हणाली, की त्या गुरुवारी तिला खरंच परत यायचं होतं, कपडेसुद्धा भरायला काढले होते. तुम्ही थांब म्हणालात तेव्हा फार वाईट वाटलं. मग शुक्रवारी धुकं गेलं.

"आणि मग?" अंगाईवाल्यांनी विचारलं.

"आणि मग वाटलं, बरं झालं थांब म्हणालात." ती कपाकडे बघत होती. "मला इथलं काम आवडतं. हे मला तुम्हाला त्या पेटीतून सांगता येईना. म्हणून अर्ज केला तो रागाने केला असं तुम्हाला वाटू दिलं. निम्मा राग होता. निम्मा नव्हता."

बराच वेळ गेला. दोघांच्या मधे कोणतीही चिप नव्हती, तेव्हा त्यांना घाई नव्हती.

"आत्ता विचारलं, परत येऊ का, तर काय म्हणाल?" तिने विचारलं.

"ये म्हणेन," अंगाईवाले म्हणाले. "दुसरं काही तोंडातून निघायचंच नाही. म्हणून तू विचारू नकोस."

तिने विचारलं नाही. त्यांच्या हातावर हात ठेवला, आणि साडेपाचला उठून सहाच्या वाचनाची तयारी करायला लागली. त्यांच्या निघायच्या दिवशी तिने वाढीव वर्षातले सहा महिने कमी करून मागण्याचा अर्ज लिहिला. खात्याचं उत्तर यथावकाश आलं, की मुदतवाढ मागण्याचा फॉर्म आहे, मुदतकपातीचा नाही, तरी प्रकरण विचाराधीन आहे. ते अजून विचाराधीन आहे.

दोन्ही पेट्यांवर नवा कर्नल बसला. अंगाईवाल्यांनी भोकंही पाडली. आता संभाषण चालू असेपर्यंत चिप झोपत नाही, आणि शांतताही पलीकडून पूर्ण येते. आधी ती कोरी असायची. आता तिच्यात खुर्ची करकरते, वारा खिडकीला धक्के देतो, ती पेन शोधते.

परवा पावणेसहालाच बोलणं सुरू झालं होतं. वाचनाची वेळ झाली तेव्हा ती म्हणाली, आकडे घेऊन येते, आणि पेटी तशीच चालू ठेवून बाहेर गेली. खडीवर पावलं वाजली, लांब गेली, ऐकू येईनाशी झाली. अंगाईवाल्यांनी नळ बंद केला आणि फडकं हातात घेऊन उभे राहिले.

साहेब वर्तमानपत्र परत द्यायला आले होते. त्यांनी उजळलेलं स्वयंपाकघर बघितलं, हिरवा ठिपका चमकणारी पेटी बघितली, अर्धं मिनिट कान दिला.

"कोणी बोलत तर नाहीये," ते म्हणाले. "मग चालू कशाला?"

"ती बाहेर गेलीय," अंगाईवाले म्हणाले. "येईल."

साहेबांचा हात सवयीने दिव्याच्या बटणाकडे गेला होता. तो तिथेच थांबला, मग खाली आला. त्यांनी स्टूल ओढलं आणि पेटीकडे तोंड करून बसले. डोंगरावरचा वारा स्वयंपाकघरात नुसता वाहत होता. बऱ्याच वेळाने साहेबांनी आवाज अगदी खाली आणून विचारलं, "आल्या का हो?"

अंगाईवाल्यांनी बोट वर करून त्यांना थांबवलं. फार लांबून, खडीवर, एक पाऊल वाजलं होतं.